चौथी गोळी, चौथा आवाज : गांधी खून खटल्यातला पुरावा कसा तोलायचा



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, पंचाहत्तर वर्षांहून जुनी गोष्ट आता पुन्हा कशाला? खटला झाला, शिक्षा झाली, अपील झालं. मग बाकी काय राहिलं? बाकी राहिली एक गोळी. गांधीजींना तीन नव्हे, चार गोळ्या लागल्या. चौथी गोळी नथुराम गोडसेच्या पिस्तुलातली नव्हती. म्हणजे मारेकरी दुसराही कुणी होता. हा दावा गेली काही वर्षं फिरतो आहे. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला, फेटाळला गेला, आणि तरीही मोबाईलवर फिरायचा थांबलेला नाही. आम्ही आज या दाव्याची समीक्षा करणार आहोत. त्याच्या मागे कोणाचा काय हेतू, हा आमचा विषय नाही. पुरावा म्हणून तो उभा राहतो का, एवढंच बघायचं.

खान्देशाला हा विषय परका नाही. 1936 साली डिसेंबरात काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन इथून जवळच फैजपूरला भरलं, त्याला गांधीजी आले होते. आणि ज्या माणसाच्या साक्षीवर कटाचा खटला मुख्यतः उभा राहिला, तो माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे हा मूळचा आपल्या चाळीसगावचा. म्हणजे त्या खटल्याचं एक टोक आपल्या मातीतच आहे.

आधी जे पक्कं आहे ते मांडू. 30 जानेवारी 1948, दिल्लीचं बिर्ला भवन, संध्याकाळचे पाच वाजून सतरा मिनिटं. प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींच्या समोर नथुराम गोडसे आला आणि दोन-तीन फुटांवरून त्याने गोळ्या झाडल्या. तो तिथेच, पिस्तुलासकट पकडला गेला. पिस्तूल इटालियन बनावटीचं बेरेटा, क्रमांक 606824. त्याच संध्याकाळी तुघलक रोड पोलीस ठाण्यात उर्दूत फिर्याद लिहिली गेली. फिर्याद देणारे नंदलाल मेहता त्या वेळी गांधीजींच्या जवळच होते. फिर्यादीत तीन गोळ्यांचा उल्लेख आहे. लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे खटला चालला, 10 फेब्रुवारी 1949 ला निकाल लागला. सिमल्यात भरलेल्या पूर्व पंजाब उच्च न्यायालयात त्याच वर्षी जूनमध्ये अपिलाचा निकाल झाला. 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्याच्या तुरुंगात गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली.

आता त्या फिर्यादीतली एक गंमत बघा. तिच्यात मारेकऱ्याचं नाव नारायण विनायक गोडसे असं लिहिलं गेलं आहे. नथुरामचा नारायण झाला! मग काय, फिर्याद खोटी ठरली? अजिबात नाही. मेहतांनी माणूस डोळ्यांनी पाहिला. नाव मात्र त्यांनी कानाने, कुणाकडून तरी, त्या गोंधळात ऐकलं. एकाच कागदावर एकाच साक्षीदाराच्या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांचं वजन वेगळं आहे. आजच्या सगळ्या व्याख्यानाचा गाभा हाच. साक्षीदार खरा की खोटा, हा प्रश्न फार ढोबळ आहे. अमुक गोष्ट त्याला कोणत्या वाटेने कळली, हा खरा प्रश्न.

आता चौथ्या आवाजाकडे येऊ. त्या दिवशी बिर्ला भवनात व्हिन्सेंट शीन नावाचे अमेरिकन लेखक हजर होते. त्यांनी पुढच्याच वर्षी आपल्या पुस्तकात त्या क्षणाचं वर्णन लिहिलं, त्यात त्यांना ऐकू आलेले दबके आवाज चार आहेत. काही वर्तमानपत्रांनीही त्या दिवसांत चार हा आकडा छापला. चौथ्या गोळीचा दावा या अशा बातम्यांवर, आठवणींवर आणि छायाचित्रांवर उभा आहे. शीन यांच्यासारखा माणूस खोटं कशाला लिहील? त्याला काय मिळणार होतं? बरोबर आहे. तो खोटं लिहीत नव्हता, असंच आम्हीही मानतो. पण प्रामाणिक माणसाचं मोजणं बरोबरच असतं, असं कुठे आहे?

वरातीत सुतळी बॉम्बची लड लागते. लड संपल्यावर बाजूला उभ्या असलेल्या दहा जणांना विचारा, किती फुटले? दहा आकडे येतील. कोणीही खोटं बोलत नसतो. आवाज भिंतीवरून परततो, दोन आवाज एकात मिसळतात, आणि मुख्य म्हणजे पहिला आवाज होईपर्यंत कोणी मोजायला बसलेलंच नसतं. मोजणी सुरू होते ती घटना संपल्यावर, आठवणीत. म्हणून कायद्याच्या जगात बंदुकीच्या आवाजांची संख्या हा प्रत्यक्षदर्शी पुराव्यातला सगळ्यात कच्चा भाग मानावा लागतो. उलट, दोन फुटांवर उभा असलेला, हातात पिस्तूल घेऊन पकडला गेलेला माणूस कोण, हा सगळ्यात पक्का भाग. चौथ्या गोळीचा दावा हे उलटं करतो. कच्च्या भागाचा पाया करतो आणि पक्क्या भागावर संशय घेतो.

याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे केनेडींचा खून. 22 नोव्हेंबर 1963, डॅलस. इमारतीच्या सहाव्या मजल्यावर तीन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. साक्षीदारांपैकी बहुतेकांनी तीन आवाज सांगितले, काहींनी दोन, काहींनी चार आणि त्याहून जास्त. 1964 साली वॉरन आयोगाने तीन गोळ्या आणि एक मारेकरी असा निष्कर्ष काढला. पुढे 1979 मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने पोलिसांच्या एका ध्वनिमुद्रणाच्या आधारे चौथी गोळी आणि दुसरा बंदूकधारी बहुधा होता असं म्हटलं. विज्ञान आलं म्हटल्यावर लोकांना वाटलं, झालं, आता ठरलं. पण 1982 मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी तेच ध्वनिमुद्रण तपासून सांगितलं, की ज्याला गोळीचा आवाज म्हटलं जातंय ते आवाज खुनानंतर सुमारे एक मिनिटाने नोंदले गेलेत. चौथी गोळी तिथेही कानातूनच आली होती. यंत्राच्या कानातून आली, एवढाच फरक.

आता गोळीचं शास्त्र काय सांगतं ते बघू, कारण साक्षीदार चुकतो, यंत्र चुकत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे.

पिस्तुलाच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. गोळी फिरत बाहेर पडावी म्हणून. त्या खाचांचे बारीक ओरखडे गोळीवर उमटतात. चापाचा खिळा पुंगळीच्या बुडावर खूण करतो, पुंगळी बाहेर फेकणारा भाग आणखी एक खूण करतो. तज्ज्ञ त्याच पिस्तुलातून चाचणीची गोळी झाडतो, आणि जागेवर सापडलेली व चाचणीची अशा दोन्ही गोळ्या जोड-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून बघतो. गांधी खटल्यात हे काम पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रयोगशाळेत झालं आणि तिथल्या संचालकांनी न्यायालयात साक्ष दिली, की जागेवरच्या गोळ्या-पुंगळ्या याच पिस्तुलाशी जुळतात.

पण या साक्षीचीही हद्द ओळखली पाहिजे. तज्ज्ञ जे सांगतो ते त्याचं मत असतं. आपला जुना 1872 चा पुरावा कायदा कलम 45 मध्ये तेच म्हणत होता, नवा भारतीय साक्ष्य अधिनियम कलम 39 मध्ये तेच म्हणतो. 2009 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तर ओरखडे जुळवण्याच्या या शास्त्राचा पाया पुरेसा तपासला गेलेला नाही, असा इशारा दिला. आणि दुसरी हद्द : तज्ज्ञ फक्त त्याच्या टेबलावर आलेल्या वस्तूंबद्दल बोलू शकतो. न आलेल्या वस्तूबद्दल तो मुका असतो.

इथे गांधी खटल्यातली एक खरी उणीव सांगितली पाहिजे, कारण ती लपवून दावा खोडणं हा अप्रामाणिकपणा होईल. गांधीजींच्या देहाचं शवविच्छेदन झालं नाही. बाह्य तपासणीवरून जखमांची नोंद झाली. प्यारेलाल यांनी दिलेल्या वर्णनात तीन गोळ्या आहेत : दोन पोटाच्या भागात लागून आरपार गेल्या, तिसरी उजव्या छातीत शिरून फुप्फुसात राहिली. म्हणजे शरीरात राहिलेली गोळी शवविच्छेदनात काढून प्रयोगशाळेत गेली, असं झालेलं नाही. कठोरपणे बोलायचं तर शस्त्रशास्त्राचा पुरावा जागेवर सापडलेल्या वस्तूंपुरताच आहे. ही फट आहे. प्रश्न एवढाच, की या फटीतून चौथी गोळी आत येते का?

एक साधा हिशोब करा. दोन गोळ्या आरपार, म्हणजे आत जाण्याच्या दोन आणि बाहेर पडण्याच्या दोन जखमा. तिसरी आत राहिली, तिची एक. तीन गोळ्यांची पाच भोकं! आता घाईघाईत, रडारडीत, ज्याने अंगावरच्या किंवा कपड्यावरच्या खुणा पाहिल्या त्याने चार सांगितल्या, तर त्यात नवल ते काय? भोकांची संख्या आणि गोळ्यांची संख्या एक नसते. छायाचित्रावरून जखमा मोजणाऱ्याने आधी एवढं सिद्ध करायला हवं, की त्याला दिसलेली खूण आत जाण्याची आहे, बाहेर पडण्याची नाही, आणि ती रक्ताचा डाग किंवा घडीची सावलीही नाही. कृष्णधवल छापील चित्रावरून हे सिद्ध करणं म्हणजे फोटोत पाहून केळीचा घड कुठल्या बागेतला ते सांगण्यासारखं.

आता दाव्याचा मुख्य खांब. तो असा आहे : पिस्तुलात सात गोळ्या मावतात. पोलिसांना चार न झाडलेल्या मिळाल्या. सातातून चार गेले, तीन उरले. म्हणून गोडसेने तीनच झाडल्या. म्हणून चौथी असेल तर ती दुसऱ्याच पिस्तुलातली. ऐकायला अगदी पाढ्यासारखं पक्कं वाटतं. पण या जातीच्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या मावतात, आणि खेरीज एक गोळी नळीत आधीच चढवून ठेवता येते. सात अधिक एक, आठ. म्हणजे वादापुरतं चार गोळ्या मान्य केल्या तरी दुसरं पिस्तूल आपोआप सिद्ध होत नाही. आठातून चार गेले तर चार उरतात! गोडसेने आठ भरल्या होत्या असं आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही. आमचं म्हणणं एवढंच, की दाव्याची पहिली पायरी खरी धरली तरी दुसरी पायरी तिच्यावर टेकत नाही. आणि चार उरलेल्या गोळ्या, फिर्यादीतल्या तीन गोळ्या, जखमांच्या वर्णनातल्या तीन गोळ्या हे तिन्ही वेगवेगळ्या वाटेने येऊन एकाच आकड्यावर मिळतात. पुरावा तोलताना हेच बघायचं असतं : एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किती वाटा एका ठिकाणी येतात.

शिवाय दुसरा मारेकरी म्हणायचं तर तो कुठे उभा होता? गोळ्या समोरून, हाताच्या अंतरावरून लागल्या. गर्दी होती, आणि तिचे डोळे गांधीजींवरच होते. त्या गर्दीत दुसरं पिस्तूल कुणी पाहिलं, असं सांगणारा साक्षीदार नाही, ते सापडलं नाही, त्याची पुंगळी नाही. जो पकडला गेला त्याने स्वतःची जबाबदारी नाकारली नाही. उच्च न्यायालयात त्याने खुनाच्या दोषसिद्धीला आव्हानच दिलं नाही, कट होता हे मात्र नाकारलं.

सर्वोच्च न्यायालयाने या याचिकेवर ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमलं. त्यांनी जुनं दप्तर तपासून जानेवारी 2018 मध्ये अहवाल दिला, की गोळ्या, पिस्तूल, मारेकरी आणि कट यांची ओळख आधीच रीतसर पटलेली आहे, पुन्हा तपासाला आधार नाही. 28 मार्च 2018 ला न्यायमूर्ती शरद बोबडे आणि न्यायमूर्ती नागेश्वर राव यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली.

कायदा डोळ्याला मोठं म्हणतो की यंत्राला? आपली न्यायालयं एकाच्या बाजूने कायमचा कौल देत नाहीत. 1957 च्या वडिवेलू थेवर निकालात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले : पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह, आणि मधला. पहिला एकटा असला तरी पुरतो, मधल्याला आधार लागतो. 1950 च्या मोहिंदर सिंग निकालात तज्ज्ञाचा पुरावा नसणं सरकार पक्षाला महागात पडलं, कारण सांगितलेली बंदूक आणि झालेल्या जखमा यांचाच मेळ बसत नव्हता. आणि 1983 च्या सोळंकी चिमणभाई निकालात न्यायालय म्हणालं, की वैद्यकीय पुराव्याने प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट अशक्यच ठरत असेल तरच डोळ्याची साक्ष बाजूला ठेवायची. म्हणजे आधी बघायचं, खटल्यात नेमका वाद कशाचा आहे. माणसाचा वाद असेल तर डोळा जास्त वाहतो. हत्याराचा वाद असेल तर शास्त्र जास्त वाहतं.

आपल्या डोळ्यांदेखतचं उदाहरण घ्या. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. तिथे मारेकरी पळाले. साक्षीदारांना ते अनोळखी होते. हत्याराचा मेळ हा पहिल्यापासून कळीचा प्रश्न झाला. 2014 च्या जानेवारीत पोलिसांनी शस्त्रांच्या धंद्यातल्या दोघांना अटक केली, पण त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं नाही आणि त्यांना जामीन मिळाला. तपास पुढे केंद्रीय यंत्रणेकडे गेला. 10 मे 2024 ला पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. जवळजवळ अकरा वर्षं! गांधी खटल्यात डोळा आणि पिस्तूल एकाच हातावर, त्याच क्षणी येऊन मिळाले. दाभोलकरांच्या खटल्यात ते मिळवता मिळवता एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली. ज्याला पुरावा हा विषय कळकळीने हवा आहे, त्याने आपली शक्ती खरं तर इथे लावायला हवी.

आता शेवटचा मुद्दा, आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. डोळा सांगतो हात कोणाचा. गोळी सांगते पिस्तूल कोणतं. पण हाताच्या मागचं डोकं कोणाचं, हे डोळाही सांगत नाही आणि गोळीही सांगत नाही. ते सांगायला बडगेसारखा आतला माणूस लागतो, आणि आतल्या माणसाच्या शब्दाला कायदा सहजासहजी वजन देत नाही, कारण स्वतःची मान वाचवायला तो बोलत असतो. न्यायाधीश आत्मा चरण यांना बडगे खरं बोलणारा वाटला. तरीही सावरकरांविरुद्ध त्याच्या शब्दाला बाहेरून दुजोरा मिळाला नाही, म्हणून त्यांना निर्दोष सोडलं गेलं. पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने 1969 च्या अहवालात याहून वेगळा, सावरकर आणि त्यांच्या गटाकडे बोट दाखवणारा निष्कर्ष नोंदवला. पण आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. तेव्हा सावरकर हयातही नव्हते. ज्याला आयोगाचा निष्कर्ष आवडतो त्याने निर्दोष सुटका विसरू नये, आणि ज्याला सुटका आवडते त्याने आयोगाचं दप्तर न वाचता जाळू नये. तराजू एकच ठेवायचा. आपल्या बाजूचा माल तोलताना वेगळं माप आणि समोरच्याचा तोलताना वेगळं, हे बाजारात चालत नाही, मग इतिहासात कसं चालेल?

चौथ्या गोळीचा खरा तोटा इथे आहे. ती आपल्याला मोजण्यात गुंतवते. 20 जानेवारी 1948 ला त्याच बिर्ला भवनात मदनलाल पाहवाने स्फोट केला, तो पकडला गेला, त्याने साथीदारांचे धागे दिले, आणि तरी दहा दिवसांनी तीच टोळी त्याच जागी परत आली. पोलीस एवढे ढिले का राहिले? पुण्या-मुंबईत कोणाला काय माहीत होतं? हे प्रश्न कपूर आयोगाने खोलात जाऊन विचारले, त्यांची उत्तरं कागदावर आहेत, आणि ती वाचणारे थोडे आहेत. न सापडलेल्या गोळीमागे धावणारा माणूस सापडलेला कागद वाचत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी छातीठोकपणे सांगितलं, की गोळ्या चार होत्या, तर त्याच्याशी भांडू नका. तीनच प्रश्न विचारा. हे तुला कानाने कळलं, डोळ्याने की कागदाने? ज्याने सांगितलं त्याला ते कसं कळलं? आणि तुझं खरं धरलं तरी त्यातून दुसरा माणूस निघतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला शांतपणे, त्याचा पूर्ण वेळ घेऊन देऊ द्या. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.